हरायचा डाव

मधलीने हातातला लाकडाचा पत्ता टाकला, त्याच्यावर दगडाचा टाकला आणि आणखी एक घर नदीच्या अगदी कडेला नेऊन ठेवलं.

“अजून एक?” धाकटा म्हणाला. “ताई, तुझ्या कोठारात दाणा नाही, रांजणात थेंब नाही. तुझी माणसं काय भिंती चाटणार?”

“येईल की पत्ता.”

“पत्ता येईल नाहीतर दुष्काळ येईल.”

“आला तर आला,” मधली म्हणाली, आणि आपल्या घरांकडे हावरटासारखं बघायला विसरली नाही. ते बघणं तिने आरशासमोर उभं राहून बसवलं होतं.

थोरल्याने पत्ते छातीशी धरले होते. त्याची घरं चारच होती, पण चारही घरांना पुरेल एवढं धान्य आणि पाणी त्याने डावाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलं होतं. तो विमा कंपनीत होता. जे वाईट व्हायचं ते आधी दुसऱ्याचं व्हावं, अशी व्यवस्था लावण्यात त्याची हयात गेली होती.

खेळाचं नाव खोरं. तो बाजारात मिळत नाही. अण्णा धरणाच्या कामावर इंजिनिअर असताना, वसाहतीत संध्याकाळी करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून, त्यांनी तो स्वतः बनवला. प्लायवूडचा पाट, त्यावर निळ्या ऑइलपेंटची नदी, लाकडी ठोकळ्यांची घरं आणि नदीच्या उगमाशी पत्र्याचं एक धरण. धरणाला तीन दारं होती आणि ती खरोखर वरखाली व्हायची. पोरांच्या अंगावरचे कपडे मोठ्याचे धाकट्याला होत असत, पण त्या दारांना मात्र दरवर्षी तेल दिलं जाई.

नियम सोपे. पत्ते चार जातींचे: लाकूड, दगड, धान्य, पाणी. पहिल्या दोहोंनी घर बांधायचं, उरलेल्या दोहोंनी ते जगवायचं. आपसात अदलाबदल करता येते. गठ्ठ्यात कुठेतरी खालच्या अंगाला दुष्काळाचा एकच पत्ता असतो. तो निघाला की डाव संपला. ज्या घराला धान्य-पाणी नाही ते घर पडलं. ज्याची सर्वांत कमी घरं उभी राहिली, तो हरला.

त्या घरात सगळं खोऱ्यावर ठरत आलं होतं. खिडकीजवळची खाट कोणाची, पाहुणे आले की स्वयंपाकघरात कोण झोपणार, भांडी कोण घासणार. धाकट्याने वाणिज्य शाखेला जावं, हेही खोऱ्यानेच ठरवलं होतं, आणि तो आज यशस्वी माणूस असल्यामुळे त्याबद्दल कोणाला दोष देण्याची सोयही त्याला उरली नव्हती. निकालावर तक्रार नाही, रडारड नाही. आणि एक नियम या सगळ्यांच्या वर होता: मुद्दाम हरायचं नाही. लहानपणी एकदा धाकट्याला क्रिकेटला जायचं होतं म्हणून त्याने डाव सोडून दिला. अण्णांनी आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. आई मध्ये पडली, तेव्हा तिच्याशीही टाकलं.

आजचा डाव अण्णांवर होता. जो हरेल त्याने अण्णांना न्यायचं.

असं अर्थातच कोणी म्हणालं नव्हतं. सुशिक्षित घर होतं. “अण्णांचं काय ते एकदा बघू या,” असं थोरला फोनवर म्हणाला होता आणि पुढचं सगळ्यांना समजलं होतं. अण्णा आता एकटे राहू शकत नव्हते. चपला फ्रिजमध्ये सापडत, गॅस चालू राहून जाई. सकाळी थोरल्याने त्यांना समोर बसवून, सावकाश, एकेक शब्द उच्चारून सगळं समजावलं. अण्णांनी “छान, छान” म्हणून मान डोलावली आणि कोपऱ्यात बसलेल्या जावयाकडे बोट करून विचारलं, “हे गृहस्थ कोण?” वीस वर्षं त्या घरात येऊनही तो प्रश्न अधूनमधून जावयालाही पडत असे.

पाट मांडला मात्र, आणि अण्णा ताठ बसले. पत्ते पिसताना त्यांची बोटं जराही अडखळली नाहीत. धरण त्यांनी पहिल्याच फेरीत आपल्या ताब्यात घेतलं. ते नेहमीच घेत.

“चिमे,” ते आता मधलीला म्हणाले. मुलांपैकी एवढं एक नाव त्यांच्या तोंडात उरलं होतं. “एक दगड दे. दोन धान्य देतो.”

“नको अण्णा. दगड लागेल मला.”

“दोन देतोय.”

“नको. अजून एक घर बांधायचंय.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या घरांकडे पाहिलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

मधलीला हरायचं होतं.

हात वर करून “मी नेते” म्हणण्याची सोय नव्हती. आईच्या शेवटच्या आजारात तिने आईला महिनाभर आपल्याकडे नेलं होतं. तेव्हा थोरल्याने फोनवर प्रकृती विचारण्याआधी कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारलं होतं. आता तर अण्णांच्या नावावरचं हे अख्खं घर उभं होतं. आपणहून जो अण्णांना नेईल, त्याच्या मनात काय आहे हे सांगायला थोरल्याला वकील लागला नसता. आणि नवऱ्याने येताना गाडीतच सांगून ठेवलं होतं, “हे बघ, हरलीस तर हरलीस. माझ्या आईलाही सांगता येईल. पण स्वतःहून पुढे झालीस, तर मी त्यात नाही.”

मग प्रामाणिकपणे हरायला हवं होतं, आणि प्रामाणिकपणे हरायला कष्ट फार. लवकर खचलं तर दिसतं. चुकीचा पत्ता टाकला तर दिसतं. पुष्कळ विचार करून तिने हावरटपणा निवडला. घरं बांधत सुटायचं, साठा करायचाच नाही. हावरट माणसाचा या घरात कोणाला संशय येत नसे.

तिच्या घरी न्हाणीघरात पंधरवड्यापूर्वीच भिंतीला एक जाड स्टीलची दांडी बसली होती. “टॉवेलला,” तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

“टॉवेलला एवढी?”

“टिकेल.”

थोरल्याकडे असं काही बसवावं लागणार नव्हतं. “माझ्यावर आलं तर मी चांगली सोय बघेन,” असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. वहिनी ती सोय बघूनही आली होती. गावाबाहेर, मोकळी हवा, आणि मुख्य म्हणजे खोल्यांना बाहेरून कड्या. “म्हणजे कुठे निघून जायची भीती नाही,” वहिनी म्हणाली होती. धाकट्याने, अण्णा आपल्यावर आले तर काय करणार, या प्रश्नावर सरळ त्या जागेचा नंबर मागून घेतला होता. तिघांत तोच त्यातल्या त्यात स्पष्टवक्ता.

“खेळ रे,” अण्णा म्हणाले.

धाकट्याने गठ्ठ्यावरचा पत्ता उचलला, पाहिला आणि पाटाच्या मधोमध ठेवला. पिवळी, भेगाळलेली जमीन. अण्णांनी ती इतकी मन लावून रंगवली होती की पाहताना घशाला कोरड पडे.

“आला,” तो म्हणाला.

थोरल्याने आपलं धान्य-पाणी शांतपणे मोजून टाकलं. त्याची चारही घरं उभी राहिली. धाकट्याची सहातली पाच वाचली. अण्णांच्या घरांना धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता. राहिली मधली. सगळ्यांत जास्त घरं तिची, आणि हातात एक दगड.

“अरेरे,” थोरला म्हणाला. त्या एका शब्दात तो जेवढा सैल झाला, तेवढा सकाळपासून झाला नव्हता. “चिमे, तुला सांगत होतो मी.”

“तू कुठे सांगत होतास? मी सांगत होतो,” धाकटा म्हणाला.

मधलीने चेहऱ्यावर पुरेसं दुःख आणलं आणि पहिलं घर उचलायला हात पुढे केला.

“थांब,” अण्णा म्हणाले.

त्यांनी वाकून धरणाचं पहिलं दार वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. तेल दिलेली दारं आवाज न करता वर गेली.

“हे काय?” थोरला म्हणाला.

“धरण ज्याचं, त्याला दुष्काळात एकाला पाणी सोडता येतं. ज्याला पाणी सोडलं, त्याचं घर पडत नाही.” अण्णा थोरल्याकडे पाहत होते. “नियम आहे. विसरलास?”

विसरलाच होता. सगळेच विसरले होते, कारण एवढ्या वर्षांत तो नियम कोणी वापरताना पाहिलाच नव्हता. मधली आठ वर्षांची असताना तिचं अख्खं गाव असंच वाळलं होतं. तेव्हा तिने ओठ काढून म्हटलं होतं, “अण्णा, थोडं पाणी सोडा ना.” अण्णा म्हणाले होते, “खेळात मी तुझा बाप नाही.” आणि तिची घरं तिच्याच हातांनी एकेक करून उचलायला लावली होती.

“हिला सोडलं,” अण्णा म्हणाले. “हिची सगळी उभी. मोजा.”

मोजायची गरज नव्हती. सर्वांत कमी, चारच घरं आता थोरल्याची होती.

दारात उभ्या वहिनीने पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याचा डाव गेलेला तिच्या अजून लक्षात आला नव्हता. “शेवटी बापाचं काळीज हो,” ती म्हणाली. “लेकीसाठी कसं पाझरलं बघा.”

अण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

“काळीज कसलं? हिला हरायचं होतं!” त्यांनी मधलीकडे बोट केलं. त्यांचे डोळे कित्येक महिन्यांत इतके स्वच्छ दिसले नव्हते. “दगडाला दोन धान्य देत होतो. दोन! आणि ही म्हणते, नको. माझी पोर अशी मूर्ख नाही. म्हटलं, ही मुद्दाम करतेय. मग मीही गप्प बसलो. पाणी राखलं, राखलं, आणि शेवटाला सोडलं. काय? मला फसवतेस?”



“म्हणजे?” थोरल्याने मान हळूच वळवली. “का गं चिमे? तुला कशाला हरायचं होतं?”

“मला कुठे…”

“दगडाला दोन धान्य नाकारलंस. मी इथेच होतो.”

कोपऱ्यात जावयाने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. आज दिवसभरात प्रथमच.

“टॉवेलची दांडी,” तो म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

मधलीने घराचा एक ठोकळा हातात घेतला होता. तो तिने पाटावर ठेवला, पुन्हा उचलला.

“मी नेते अण्णांना,” ती म्हणाली. “दादा, खरंच. मला घर नको, काही नको. तू लिहून घे हवं तर.”

“छे छे,” थोरला म्हणाला. घटकाभरापूर्वी त्याचा रंग उडाला होता, तो आता परत येत होता. बहिणीला जे एवढं हवं आहे, ते टाकून देण्यासारखं नक्कीच नसणार, हे त्याला समजायला विम्यातली तीस वर्षं पुरेशी होती. “निकाल म्हणजे निकाल. हरलो मी. अण्णांचाच नियम. अण्णांचा शब्द आपण मोडायचा का?”

“दादा…”

“आणि मुद्दाम हरणाऱ्याला या घरात काय म्हणतात, ते मी बोलायला नको.”

त्या पाटावर इतक्या आनंदाने कोणी हरलं नव्हतं.

मधलीने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा पत्ते जातीप्रमाणे लावत होता. लाकडात लाकूड, दगडात दगड. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

वहिनी आत गेली होती. स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज येत होता. “हो, एकच. पुरुष. … नाही, खाट खिडकीजवळची नसली तरी चालेल. त्यांना काय कळतंय.”

अण्णा खुर्चीत मागे टेकले. गड सर केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. एकेकाकडे बघत त्यांनी विचारलं,

“पण काय रे, आज डाव कशावर होता?”

थोरला खाकरला. धाकट्याचा एक पत्ता खाली पडला.

“भांड्यांवर, अण्णा,” मधली म्हणाली.

“अस्सं.” अण्णांनी थोरल्याला हाताने उठायची खूण केली. “मग ऊठ की. बघतोस काय? आणि बुडाशी काळं ठेवू नकोस, मागल्या वेळसारखं.” थोरला खरोखरच उठून उभा राहिला. अण्णा पुन्हा मधलीकडे वळले आणि जरा पुढे वाकून तिचा चेहरा निरखू लागले.

“आता का रडतेस गं? हरल्यावर रडायचीस ते ठीक होतं.”

ती ठोकळे गोळा करून डब्यात टाकू लागली. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचं लक्ष धरणाकडे गेलं. दारं अजून उघडीच होती. त्यांनी जिभेने च्यक केलं, आणि एका बोटाने पहिलं दार खाली केलं, मग दुसरं, मग तिसरं. पाणी वाया गेलेलं त्यांना चालत नसे.