हवा येते कुठून?

सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत रत्नदीपचं कृत्रिम पाय बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. त्या सोमवारी बजाबाईंचा पाय घडवायचा होता. बजाबाई करकंबच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला आणि चूल सुटली. शाळा उघडायच्या आत त्यांना उभं राहायचं होतं.

त्यांच्या पायाचा प्लास्टरचा साचा लोखंडी नळीवर बसवून रत्नदीपने नळी बाकावर आडवी आवळली होती. साच्यावर कार्बनचं कापड आणि वरून प्लास्टिकची पिशवी. पंपाने आतली हवा ओढली की कापड साच्याला घट्ट बसतं, मगच ते कडक करणारं रेझिन ओतायचं. पण पंपाचा काटा अर्ध्यावर जाऊन थांबला.

त्याने पंपाचं तेल बदललं. काटा तिथेच. पिशवीची बांधलेली दोरी सोडून पुन्हा आवळली. तरी तिथेच. शेवटी त्याने पंप दुरुस्त करणाऱ्या ईश्वरप्पांना बोलावलं. त्यांनी पिशवीकडे जाणारा पाइप काढून पंपाच्या तोंडावर अंगठा दाबला. काटा सरळ टोकाला गेला.

"पंप ठणठणीत आहे. तुझी पिशवी फाटली असेल."

रत्नदीपने नवी पिशवी चढवली. एका रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं पिशवीवरून इंचाइंचाने फिरवलं. कुठे सूं नाही, फूं नाही. पंप चांगला, पिशवी चांगली आणि दोन्ही जोडले की हवा गळते! आपलं डोकं चालतंय की नाही, अशी त्याला शंका यायला लागली.

"मावशी, आज जमेल असं वाटत नाही," तो शेजारी बसलेल्या बजाबाईंना ओशाळून म्हणाला.

बजाबाई बाकाला धरून उठल्या, कुबडी घ्यायला वळल्या आणि अडखळल्या.

"दादा, पदर कशात गुतला बगा की."

पदर कशात गुंतला नव्हता. पंप चालूच होता आणि लोखंडी नळीच्या उघड्या टोकाने तो आत ओढून धरला होता. रत्नदीपने पदर सोडवला आणि तिथे तळहात ठेवला. तळहात खेचला गेला.

नळी जुनी होती. साच्याच्या आत तिला कुठेतरी भोक असणार. बाहेरची हवा नळीतून शिरत होती आणि हा पिशवीभोवती कान लावत फिरत होता. त्याने टोकाला चिकट पुट्टीचा गोळा थापला. काटा सरसर वर गेला आणि हलेना.

"याच नळीवर मागचे दोन पाय झाले की हो काका! मग तेव्हा कसं जमलं?"

ईश्वरप्पांनी आपली हत्यारं आवरायला घेतली. "मला काय विचारतोस?"

त्या दिवशी रेझिन ओतलं. बारा दिवसांनी बजाबाई आधाराच्या दोन दांड्यांच्या मधे नव्या पायावर उभ्या राहिल्या.

"टोचतंय का, मावशी?"

"टोचत न्हाय. पर माजा पाय कुटं संपला नि ह्यो कुटं सुरू झाला, तेच कळंना," म्हणत त्यांनी दांडी सोडून पाऊल पुढे टाकलं.