घोडीवरची गाडी

त्या रविवारी दिंडोशीच्या वसाहतीत वेगळं असं काहीच घडलं नाही. रुक्मिणीबाई वर बांगडे साफ करत होत्या, कुणाच्या तरी घरी मिक्सर फिरत होता, आणि पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात दशरथ राणे आपल्या जुन्या झेन गाडीखाली पाठीवर पडले होते. बाहेर दिसत होते फक्त पाय. त्या पायांशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांची आणि रुक्मिणीबाईंची मुलगी अक्षता बसली होती, मांडीवर पान्यांचा डबा घेऊन.

"मुलुंडाक पाणी येता काय गो वेळेवर?" गाडीखालून आवाज आला.

"येतं, बाबा."

"आणि तुझो तो प्रकाशक? अजून कावता?"

"आता कमी. शुगर निघाली त्याला."

"मगे जास्तच कावतलो. गोड बंद झाला की माणूस कडू जाता. बारा-तेराचो पानो दी."

अक्षताने पाना आत सरकवला. काळ्या बोटांनी तो अलगद ओढून घेतला.

दशरथ घरात बोलत नसत म्हणजे नसतच. बस डेपोत फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, पेपर उघडायचा, जेवायचं, झोपायचं. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी मान हलवली होती. तिचं लग्न मोडलं तेव्हाही मानच हलवली होती, फक्त जरा जास्त वेळ. पण गाडीखाली शिरताना त्यांचा एक नियम होता. खाली गेलेल्याने बोलत राहायचं, बाहेरच्याने ऐकत राहायचं, आणि आवाज थांबला की बाहेरच्याने वाकून बघायचं. आता बोलत राहायचं तर विषय हवेत. म्हणून मग खाली गेले की ते बोलत. आजोबांच्या गिरणीच्या भोंग्याबद्दल, गावच्या घराच्या कौलांबद्दल, एकदा तर धाकट्या आत्याने पळून जाऊन केलेल्या लग्नाबद्दलही, ज्याचं नाव घरात कुणी काढत नसे. काम झालं, अंग झटकत बाहेर आले, की पुन्हा तोंडाला कुलूप. इतर मुलींना आपले वडील चेहऱ्यावरून कळत असतील. अक्षताला ते कळले पायांच्या बाजूने.

ज्या घोड्यांवर गाडी उभी होती त्या घेतल्या तेव्हा ती नववीत होती. जॅकने गाडी उचलायची आणि या दोन लोखंडी, चारपायी आधारांवर टेकवायची; डेपोत त्यांना घोडीच म्हणत. अंधेरीच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात दशरथांनी पहिली घोडी उचलून सरळ काचेच्या काउंटरवर ठेवली.

"अहो काका, काच! काच आहे ती!"

दशरथांनी एका बोटाने घोडी हलवून पाहिली. ती डुगडुगली. त्यांनी ती बाजूला ठेवून दुसरी मागितली. तिचे चारही पाय टेकले, पण वेल्डिंगवरून नख फिरवताच त्यांचं तोंड वाकडं झालं. काउंटरवर घोड्यांची रांग लागली. ते खटका वरखाली करत, त्याचा दात खाचेत पूर्ण बसतो का बघत, किती वजन पेलेल तो आकडा कुठे आहे ते शोधत. आकडा नुसत्या स्टिकरवर असला की घोडी परत.

"काका, घोडी बघताय का सून?" दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला.

"सून चुकली तरी माणूस जगता," दशरथ म्हणाले.

अक्षता इतकी चकित झाली की तिला हसायलाही सुचलं नाही. परत येताना दोन्ही हातांत दोन घोड्या, आणि दशरथ पुन्हा गप्प. फक्त कॉलनीच्या गेटपाशी आल्यावर, जणू मघाशी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करावं तसं म्हणाले, "जॅक उचलता. घोडी धरता. जॅकच्या भरवशार कधी खाली शिरा नको."

पुढे त्या घोड्या अख्ख्या वसाहतीच्या झाल्या. मागायला कुणीही यावं, दशरथ नाही म्हणत नसत. पण हातातही देत नसत. स्वतः घेऊन जायचे, स्वतः लावायचे, आणि समोरचा गाडीखालून धड बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, पाहुण्यासारखे.

तर, त्या रविवारी सायलेन्सरचा हूकच सडलेला निघाला. दशरथांनी सायलेन्सर तारेने तात्पुरता बांधला. "उद्या अंधेरीसून नवो आणतंय," म्हणाले. गाडी घोड्यांवरच ठेवली, स्टेपनी आडवी करून खाली सरकवली, पोरंटोरं येऊ नयेत म्हणून भोवती दोरी बांधली, वर कव्हर घातलं. जेवताना "बांगडो ताजो हा" एवढंच बोलले. संध्याकाळी अक्षताला मुलुंडच्या बसपर्यंत सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले.

सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले.

अक्षताने सगळं नीट केलं. नातेवाइकांना फोन, दिवसकार्य, गावाहून आलेल्या काकांची सोय, आईच्या गोळ्या. "पोरगी खंबीर आहे हो," असं जो तो म्हणाला आणि तिने ते ऐकून घेतलं. ती पुस्तकांत वाढलेली, पुस्तकांवरच पोट भरणारी बाई. शोक माणसाला काय काय करायला लावतो ते तिने पुष्कळ वाचलं होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कारण पाण्याच्या टाकीमागे झेन तशीच घोड्यांवर उभी होती, आणि अक्षताच्या मनाने कुणाला न विचारता एक हिशेब मांडला होता: बाबा काम अर्धवट टाकून जाणारे नव्हेत. गाडी वर आहे तोवर तो रविवार संपलेला नाही.

हा शुद्ध वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. तरी दर रविवारी मुलुंडहून आली की वर जाण्याआधी ती टाकीमागे जायची, कव्हर उचलायची, खटके बसलेले आहेत ना, मागच्या चाकांच्या पाचरी जागेवर आहेत ना, ते बघायची. आई विचारायची नाही. तीही सांगायची नाही. चुलतभाऊ सिद्धेशने दोनदा गाडीला गिऱ्हाईक आणलं; दोनदा तिने विषय बदलला.

असे चार महिने गेले, आणि एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा मिथुन जिन्यात भेटला. तो टूरिस्ट गाडी चालवायचा. अक्षतापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, तिच्यासमोरच वाढलेला.

"ताई, काकांच्या घोड्या देशील? ऑइल गळतंय यार खालून. गॅरेजवाला म्हणतो गाडी ठेवून जा, आणि ठेवून गेलो तर माझी वाट लागली. तासाभराचं काम आहे."

"गाडी आहे रे त्यांच्यावर."

"उतरवू ना आपण. मी येतो मदतीला."

"नको, मिथुन." तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा कडक आला. "राहू दे ती."

मिथुनने तिच्याकडे बघितलं. "बरं, ताई. काय टेन्शन नाही. बघतो मी काहीतरी."

त्याने बघितलं ते काय, हे तिला पुढच्या रविवारी कळलं.

गेटातून आत येताच मिथुनची पांढरी गाडी एका बाजूने उचललेली दिसली. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पावलं जागच्या जागीच थांबली तिची. मग लक्षात आलं की नुसते पाय आहेत, आवाज नाही.

तिने पिशवी टाकली आणि वाकून बघितलं. मिथुन चांगला शाबूत होता, दातांत टॉर्च धरून नटाशी झटत होता; म्हणून गप्प होता. पण गाडी टेकली होती ती भलत्याच कशावर तरी. वसाहतीचं आवार मध्यंतरी नव्याने केलं होतं. त्यातले उरलेले सिमेंटचे पेवर ब्लॉक गेटाशेजारी रचलेले होते. मिथुनने तेच एकावर एक चढवले होते. बाजूला गाडीबरोबर मिळतो तो बारका जॅक, तिरका झालेला.

तिला ओरडायचं होतं. ओरडली नाही. दचकलेला माणूस आधी पाय झाडतो.

"मिथुन," ती साध्या आवाजात म्हणाली, "बाहेर ये. सावकाश. कशालाही धक्का लावू नकोस."

"दोन मिनिटं, ताई, हा नट फक्त–"

"आधी बाहेर. नट पळून जात नाही."

तो सरपटत बाहेर आला, कपाळावर ऑइल, तोंडावर हसू. "काय झालं? अगं पक्के आहेत ते. दहीहंडीसारखे थर लावलेत."

"दहीहंडीचे थरही पक्केच असतात रे. खालचा गुडघ्यात वाकेपर्यंत."

मिथुनचं हसू थोडं ओसरलं. "मग काय करणार? तू घोड्या दिल्या नाहीस."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं. अक्षता त्या ब्लॉकांकडे बघत राहिली. या घोड्यांना कुणी हात लावू नये म्हणून ती चार महिने राखण करत होती, आणि त्या कशासाठी घेतल्या होत्या तेच विसरली होती. त्या कोपऱ्यात दोन लोखंडी घोड्या एका रिकाम्या गाडीला धरून उभ्या होत्या, जिच्याखाली कुणीही नव्हतं. आणि इथे एक जिवंत माणूस सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भरवशावर.

"चल," ती म्हणाली. "बाबांचा मोठा जॅक जिन्याखाली आहे. घेऊन ये. तोवर तुझ्या गाडीजवळ कुणी जाणार नाही."

टाकीमागे तिने दोरी सोडली, कव्हर घडी करून ठेवलं. झेनच्या काचांवर धूळही नव्हती. आपण कधी गाडी उतरवली नाही हे तिला आठवलं, पण बाबांना ती उतरवताना मात्र असंख्य वेळा पाहिलं होतं.

"जॅक मधोमध घे. पुढच्या त्या जाड आडव्या पट्टीखाली. पत्र्याला नको, चेपेल. आता उचल, अगदी बोटभर. घोड्या मोकळ्या होतील इतकीच."

"उतरवायचीय ना? वर कशाला?"

"वर गेल्याशिवाय सुटत नाही ती."

मिथुनने दांडा मारला. गाडी कण्हली, जराशी उठली. अक्षताने गुडघे टेकले, हात तेवढाच आत घातला आणि पहिला खटका सोडला. चार महिन्यांच्या गंजाने तो अडला, मग सुटला. तिने घोडी बाहेर ओढली. दुसरी ओढली. स्टेपनी काढली. पुन्हा वाकून चारही बाजूंनी बघितलं.

"सोड. हळू. हळू म्हणते ना, मेल्या!"

"हळूच सोडतोय! तू काकांपेक्षा डेंजर आहेस."

पुढची चाकं जमिनीला लागली. स्प्रिंगा दबल्या, गाडीचं नाक खाली आलं, आणि झेन चार चाकांवर उभी राहिली, इतर कुठल्याही गाडीसारखी. अक्षताला वाटलं होतं आता आत काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. फक्त रविवार पुढे सरकला.

मिथुनच्या गाडीपाशी तिने आधी त्याला हँडब्रेक ओढायला लावला, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी मारल्या. घोड्यांखाली जाड प्लायचे तुकडे घातले, कारण आवारातले ब्लॉक कुठे वर तर कुठे खाली. मोठ्या जॅकने गाडीला आधार दिल्यावर मिथुनने आपला ढिगारा उचलायला घेतला. सर्वांत वरचा ब्लॉक त्याच्या हातात आला तो दोन तुकडे होऊन.

मिथुन तुकड्यांकडे बघत बसला. "आयला," तो हळूच म्हणाला.

अक्षताने घोड्या सरकवल्या, दोन्हींची उंची सारखी आहे ना ते बघितलं, गाडी त्यांच्यावर बसू दिली. मग दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली.

"पाडतेस का आता?"

"पडायची असेल तर आत्ता पडू दे. तू बाहेर असताना."

गाडी हलली नाही. "जा. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. गप्प बसलास तर पाय धरून ओढीन."

मिथुन खाली गेला आणि बोलू लागला. सांताक्रूझ विमानतळावरून घेतलेलं एक गिऱ्हाईक, ज्याने जुहूपर्यंत गाडीत नुसती भांडणं केली, तीही फोनवर, तीही स्वतःच्या आईशी. अक्षता पायांशेजारी उकिडवी बसली. पाय वेगळे होते. तरुण होते, त्यांत निळ्या स्लिपर होत्या. ती ऐकत होती आणि तिला ऐकणं जमत होतं.

रुक्मिणीबाई खाली आल्या, गाऊनवर ओढणी ओढून. आधी त्यांनी टाकीकडे बघितलं.

"उतरवलंस?"

"हो."

त्या झेनपाशी गेल्या, बॉनेटवर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या त्या अक्षताच्या अगदी जवळ. "बरां केलंस," त्या म्हणाल्या. "चार म्हयने त्या बाजूची खिडकी उघडूक नाय मी. तुका सांगूचा तरी कसा? तू आपली इतकी खंबीर."

सायलेन्सरचा हूक आणायला हवा, असं काहीतरी शहाणपणाचं अक्षताच्या ओठांवर आलं होतं. अंधेरीचं दुकान अजून आहे का ते बघू, असंही. ती उठली, हात कपड्यांना पुसायचे विसरली, आणि आईच्या खांद्याला धरून, गाडीखालून मिथुन बोलतच असताना, मोठ्याने म्हणाली,

"मी खंबीर नाही गं आई. मला बाबा हवेत."