भर दुपारी रंगवलेली रात्र

काकूंचा चेहरा आठवला, की आधी रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाचा वास येतो. मग कंदिलाचा पिवळा उजेड त्यांच्या डाव्या गालावर हळूहळू चढताना दिसतो. इंदापुरातल्या त्या घरात रात्र भर दुपारी व्हायची. आमचे चित्रकलेचे सर खिडकी लावून घेत, तिच्यावर गोणपाट टाकत, कंदील पेटवत आणि काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, समोर पाटावर बसवत. निवृत्तीनंतर त्यांनी एकच मोठे तैलचित्र हाती घेतले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या शहरातली रात्र. नाटक नुकतेच सुटलेले, गॅसच्या दिव्यांखाली घोडागाड्यांची दाटी, रेशमी उपरण्यांची लगबग आणि नाटकगृहाच्या पायरीवर वाट पाहत बसलेली एक थकलेली बाई. ती बाई म्हणजे काकू.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. इंदापुरातल्या कॉलेजच्या वर्षांत दुपारचे जेवण मला काकूंच्या हातचे मिळाले. म्हणून पुढेही सुट्टीला गावी, बावड्याला आले, की मी इंदापूर गाठून त्या अंधारात त्यांच्याजवळ जाऊन बसे.

गेल्या हिवाळ्यात काकूंचे हृदय दमले होते. पुण्याला शस्त्रक्रिया ठरली होती. त्या जाण्याआधी चित्रातल्या बाईचे डोळे पुरे व्हावेत, एवढीच सरांची धडपड. पण औषधांनी काकूंची पापणी पुन्हा पुन्हा मिटे, आणि सर हाक न मारता, कुंचला धरून, ती उघडण्याची वाट पाहत राहत.

"अवो, ही बाई कुणासाठी थांबलीया?" एकदा जाग्या होत काकूंनी विचारले.

"नवऱ्यासाठी. नाटकाचा पडदा ओढतो तो."

"मग तिला म्हणावं, घरी जा बाई. भाकरी झाकून ठिव अन् झोप. ह्यो काय लवकर याचा न्हाय." मग माझ्याकडे वळून, "व्हय का न्हाय गं?"

"हलू नको," सर हसत म्हणाले. "नाक वाकडं झालं तर मलाच बोलशील."

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होता. त्या दिवसांत आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर, हौदातल्या पाण्यावर धुराड्याची काळी राख तरंगत उतरते. ओल्या तैलरंगावर बसली, की निघता निघत नाही. हंगामात सर त्या खिडकीला कुणाला हातही लावू देत नसत. एका दुपारी मात्र काकूंना एकाएकी धाप लागली. सरांनी गोणपाट ओढून फेकले आणि खिडकी सताड उघडली. वारा आला, उजेड आला, आणि त्यांच्यामागून राख.

"खिडकी लावा... चित्र..." काकू धापेतच म्हणाल्या.

"तू श्वास घे," सर म्हणाले. त्यांची पाठ चित्राकडे होती.

पुण्याहून काकू परतल्या नाहीत.

राख आता त्या बाईच्या गालाशी, कपाळाशी एकजीव झाली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो जुन्या शहराचा धूर वाटतो आणि ते मनापासून दाद देतात. सर ऐकून घेतात. डोळ्यांच्या जागी अजून नुसती तपकिरी सावली आहे. परवा मी भीत भीत विचारले, "सर, डोळे करणार ना?"

"कुणाला बघून?"

काळ सगळे वाळवत जातो, असे आपण मानतो. पण एखाद्याच्या नसण्याचा रंग फार सावकाश वाळतो. आणि आठवण म्हणजे, त्या ओल्या रंगाला आपले बोट लागेल या भीतीने, जरा दूर बसून राहणे.