पोटावरचा शब्दकोश

मी एक जुना, जाडजूड शब्दकोश आहे. मित्रांनो, मला उघडून शब्द शोधणारे थोडेच होते. मला पोटावर घेऊन आडवे झालेले मात्र शेकडो.

छापखान्यात माझी पानं जाड दोऱ्याने शिवली, वर निळं कापड चढवलं. काही वर्षं वाचनालयात गेली. पाठ उसवली तेव्हा मला रद्दीत काढलं. तिथे एका बाईंनी मला उचललं आणि न उघडताच हातावर तोललं. "वजन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्या नाटकातल्या माणसांना आवाज शिकवत.

त्यांची रीत ठरलेली होती. तालमीच्या खोलीत जमिनीवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, पोटावर मी. श्वास घेतला की मी वर यायला हवा, खांदे मात्र हलता कामा नयेत. मग दातांतून बारीक 'स्' सोडत मला सावकाश खाली उतरवायचं. मी धपकन खाली आलो की बाई म्हणत, पुन्हा. राजा असो की शिपाई, माझ्याखाली सगळे सारखेच धापा टाकत.

पुढे नटांच्या कॉलरला माइक लागले आणि मी अडगळ झालो. कपडेपटातल्या शिवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली मला सारलं. सहा वर्षं मी मशीनची घरघर ऐकली. कपडेपट सांभाळणाऱ्या ताईला सगळे टाचणीताई म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या असत. नाटकं मात्र तिला तोंडपाठ होती.

एकदा आईची भूमिका करणारी नटी पाय मोडून घरी बसली. तिचे संवाद येत होते ते एकट्या टाचणीताईला. पण पुढच्या प्रयोगाचं थिएटर जुनं, तिथे माइकची सोय नव्हती. दिग्दर्शकाने बजावलं, की दोन आठवड्यांनी शनिवारी तिथे होणाऱ्या तालमीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आला नाही, तर बाहेरून नटी आणू. वीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवलेल्या ताईला ही एक भूमिका हवीच होती. ती थेट बाईंच्या घरी गेली.

बाई काठी टेकत आल्या आणि आधी मला टेबलाखालून ओढलं.

"टेबल डुगडुगेल, बाई."

"डुगडुगू दे. तू डुगडुगू नकोस."

पहिल्या दिवशी मी छान वर आलो, पण 'स्' काही निघेना. ताईने श्वास न घेताच पोट फुगवलं होतं. बाईंच्या लगेच लक्षात आलं. टाचणी घशात जाईल म्हणून ताई वीस वर्षं अर्धाच श्वास घेत आली होती. "भीती अजून तोंडात धरून ठेवली आहेस," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून टाचण्या तोंडातून निघून टाचण्या टोचायच्या छोट्या गादीत गेल्या.

बारा दिवस ताई मशीनवर बसण्याआधी आडवी व्हायची. 'स्' आधी आठ आकडे मोजेपर्यंत संपला, मग चौदात, शेवटी बावीसपर्यंत गेला. एकदा मी घसरून तिच्या हनुवटीवर आपटलो. तिने हनुवटी चोळली आणि मला परत जागेवर ठेवलं.

शनिवारी बाई मला मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या. ताईने पहिलं वाक्य ओरडून म्हटलं. ते घशातच फाटलं. बाईंनी काठी एकदा आपटली. ताई थांबली. तिचे खांदे खाली आले. मग ती साधेपणाने म्हणाली, "दार लावू नका. मी परत येणार आहे."

एकेक शब्द चालत आमच्यापर्यंत आला. मला टेकलेलं बाईंचं पोट इतका वेळ आक्रसलेलं होतं, ते सैल झालं.

ऐकू आलं का, असं दिग्दर्शकाने पुढून ओरडून विचारलं.

"तिचं आलं," बाई म्हणाल्या. "तू कशाला घसा ताणतोस? तूही याच पुस्तकाखाली झोपला होतास ना?"

आज टेबलाखाली लाकडी ठोकळा आहे आणि बाईंच्या जागी ताई शिकवते. मित्रांनो, कुणाचा आवाज बारीक आहे म्हणून त्याला मागे बसवू नका. त्याच्या पोटावर एखादं जाड पुस्तक ठेवा आणि धीर धरा. माझी पाठ पुन्हा उसवली आहे. ताई शिवून देणार आहे. पण आत्ता एका नव्या मुलीचे आकडे मोजणं चाललं आहे. एकोणीस झाले, आणि मी अजून खाली टेकलेलो नाही.