सुभेदारांच्या पिस्तुलाचं तेल

सुभेदार सहादू गांगुर्डे वारले, तेव्हा नाशिक रोडच्या दोन खोल्यांत वत्सलाबाई एकट्या उरल्या. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन एका बँकेत सुरक्षारक्षक होते आणि त्यांच्या नावावर बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचा परवाना होता. माणूस गेल्यावर ते घरात ठेवता येईना. पोलीस ठाण्यात कळवून वत्सलाबाईंनी ते नाशकातल्या मोतीरामशेठच्या बंदुकांच्या दुकानात जमा केलं. ही २००२ च्या पावसाळ्यातली गोष्ट.

"विकून टाक आई," सुरतेहून भारतचा फोन आला. "मला काय करायचंय त्याचं?"

वत्सलाबाई "बघते" म्हणाल्या. पोराला कसं सांगायचं ते त्यांना कळेना. सुभेदार फार बोलणारे नव्हते. दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तरी पुष्कळ. पण महिन्यातल्या एका रविवारी ते अंगणाकडच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून पिस्तूल उघडायला बसत आणि त्या तासाभरात माणूस मोकळा होई. पठाणकोटची थंडी, मेसमधला स्वयंपाकी, सगळं बाहेर येई. वत्सलाबाई शेजारी बसून जुन्या सुती साडीची फडकी हातात देत. बोलता बोलता ते कामही समजावून सांगत.

"नळीत आधी तेलाचं फडकं, मग कोरडं. वरची स्लाइड ज्या खाचांत सरकते, तिथं एकेक थेंब, बस्स. जास्त झालं की धूळ धरतं. तेल डोळ्याला दिसायला नको वत्सला, बोटाला कळायला हवं."

अखेर त्यांनी विकायला होकार कळवला. जानेवारीत मोतीरामशेठचा निरोप आला, गिऱ्हाईक मिळालंय, सहीला या. दिंडोरीचे चिमाजी, द्राक्षबागायतदार, नुकताच परवाना मिळालेले. वत्सलाबाई दुकानात शिरल्या तेव्हा ते काउंटरपाशी उभेच होते.

मोतीरामशेठनं मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि स्लाइड मागं ओढली. ती निम्म्यावर अडकली. जोर लावला तरी हलेना.

"शेठ, हे तर आतून गंजलंय," चिमाजी म्हणाले. "राहू द्या. दुसरं दाखवा."

वत्सलाबाई गप्प राहिल्या असत्या तर पिस्तूल पुन्हा कपाटात गेलं असतं, आणखी काही महिने त्यांचंच राहिलं असतं. हे त्यांच्या मनात आलंही. पण सुभेदारांच्या वस्तूला कुणी गंजलेली म्हणावं, हे त्यांना सोसेना.

"गंज नाही तो," त्या म्हणाल्या. "शेठ, तुम्ही ग्रीस भरलंत का?"

"बरेच दिवस पडून राहणार म्हणून जरा जास्तच लावलं," मोतीरामशेठ ओशाळून म्हणाले.

"थंडीनं घट्ट झालंय, वर धूळ बसलीय. उघडा, रॉकेलनं पुसा. चांगलं कोरडं करा. मग पातळ तेल, बंदुकीचंच. खाचांत एकेक थेंब."

मोतीरामशेठ करत गेले. खाचांतून पिवळा चिकट थर निघाला, त्याखाली लोखंड स्वच्छ होतं. तिसरा थेंब पडणार तोच वत्सलाबाईंनी हात आडवा धरला. "पुरे. आता पुसून घ्या." मग त्यांनी स्वतः खाचेवरून बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

पिस्तूल जोडलं. या खेपेला स्लाइड सरकन मागं गेली आणि खट्कन जागेवर आली. आता सुभेदार पठाणकोटचं काही बोलू लागतील, असं वाटून वत्सलाबाई क्षणभर थांबल्या.

"घेतो," चिमाजी म्हणाले. "मावशी, तुम्ही फौजेत होता का?"

"नाही. मी फडकी द्यायचे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चामड्याच्या पाकिटात घालून ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं. आणि महिन्यातून एकदा तरी उघडा."

"आमच्या गड्याला सांगतो."

"गड्याला नको," वत्सलाबाई एकदम बोलून गेल्या. "स्वतः बसा. घरच्या माणसाला शेजारी बसवा."

चिमाजी हसून "बरं" म्हणाले, पण त्यांचं लक्ष कागदांकडे होतं. शेठनं दाखवलं तिथं वत्सलाबाईंनी सह्या केल्या.

शालिमारच्या थांब्यावर नाशिक रोडची बस मिळाली. कंडक्टरनं तिकीट दिलं तेव्हा बोटाचा तेलकट डाग त्यावर उमटला. त्यांनी बोट पुसलं नाही. घरी येऊन एकटीपुरता भात टाकला, आणि हात धुवायचे म्हणून मोरीपाशी गेल्या, त्या बराच वेळ नळ न सोडता तिथंच उभ्या राहिल्या.