पाण्यावरची ओसरी

सुतळीला दोन गाठी होत्या. वरची गुडघ्याची, खालची घोट्याची – सकाळी सुपारीसाठी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि सुपारीऐवजी हाती आली ती हीच. रहेमान परसातल्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता, बाजूला फावडं, आणि बोटं आपोआप एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर जात होती... पुन्हा मागे येत होती.

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सारी हयात फिटर म्हणून गेली, पण टेपवर त्यानं कधी भरवसा ठेवला नाही. पट्ट्याचं माप असो की रोलरचं, सुतळी लावायची, गाठ मारायची. टेपमधला आकडा डोक्यात ठेवावा लागतो, गाठ हातात राहते, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना मिशीतल्या मिशीत हसायचा. आता राहिली ना हातात! बायकोच्या, बिस्मिल्लाबीच्या, ज्या पायाचं माप घेतलं तो उजवा पाय यवतमाळच्या दवाखान्यात राहिला – गुडघ्याखाली काही नाही – आणि माप मात्र खिशात, जसंच्या तसं.

तिनं आयुष्यात मागितलं काय होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. बिस्मिल्लाबीचं माहेर धरणात गेलं, तेव्हा पोर आरिफा कडेवर होती. घरं गेली, मशीद गेली, नदीकाठचा तो काळा दगडही गेला, ज्यावर बसून ती लग्नाआधी पाण्यात पाय सोडायची आणि बारके मासे टाचेला टोचायचे. ती रडली नाही. दिग्रसच्या मोहल्ल्यात सारे उर्दू बोलत, ही मात्र नवऱ्याशीदेखील गावातली वऱ्हाडीच बोलत राहिली, एवढंच. मग ती वर्षं आली – बोंडांत अळी, बाजारात गाड्यांची रांग आटलेली, आणि एक दिवस जिनिंगचा भोंगाच बंद. मशिनी उचलून नेल्या. कापूस टाकायच्या ओट्याच्या सागवानी फळ्या उरल्या, तेव्हा शेटजी म्हणाले, "ने रहेमान, तुझ्याच हातच्या हायेत." फळ्या परसात येऊन पडल्या आणि बिस्मिल्लाबी त्यांच्याकडे बघत एकदाच म्हणाली, "याची पाण्यावर ओसरी झाली असती... पाय सोडून बसाले."

बस्स. रिकाम्या माणसाला तेवढंच पुरलं.

सीताफळाच्या पलीकडे त्यानं फक्कीनं तळ्याची आखणी केली. काळी माती पाणी धरते, पण खांब धरत नाही – पावसाळ्यात फुगून वर उचलते, उन्हाळ्यात भेगाळून सोडून देते – म्हणून खांब खाली मुरमापर्यंत न्यायचे. ओसरीचा निम्मा भाग जमिनीवर, निम्मा पाण्यावर. आणि उंची? उंची सुतळीनं ठरणार – बसून पाय सोडला की घोट्यापर्यंत पाण्यात जावा अशी. शेजारचा घनश्याम भिंतीवरून डोकावला, "चाचा, वावर नाई अन् शेततळं कायचं? नाकापेक्षा मोती जड होऊन राह्यला!" म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच कुदळ घेऊन आला. त्याच्या वावरात त्या साली वेचायला होतं तरी काय.

माप घेतलं ती दुपार... ती बाजेवर बसलेली, पाय खाली सोडलेले, आणि हा जमिनीवर. घोट्याशी गाठ मारता मारता त्यानं मुद्दाम तळव्यावरून बोट फिरवलं. लग्न झालं तेव्हा नुसतं बोट दाखवलं तरी खिदळून लोळायची ही बाई. पण ती हसली नाही. तशीच बसून राहिली, भिंतीकडे बघत. त्याला वाटलं, म्हातारी झाली, गंभीर झाली. अरे मूर्खा! साखरेच्या दुखण्यानं तिचा तळवा कधीच बधिर केला होता. तेव्हाच कळायला हवं होतं मला, तिथेच, बोट तळव्यावर असताना...

आणि खिळा.

जिनिंगमध्ये खिळा म्हणजे आग. एक खिळा कापसाबरोबर मशिनीत गेला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की गंजी खाक. म्हणून ओट्याच्या फळ्यांवर रोज सकाळी तो तळहात फिरवायचा – वरच्या बाजूनं. वरच्याच. कापूस वर पडतो. खालून टोकं निघाली असली तरी कोणाचं काय बिघडतं? घरी आणल्या तेव्हाही त्यानं सवयीनं वरूनच हात फिरवला, एकदम गुळगुळीत, आणि उन्हात वाळाव्यात म्हणून फळ्या पालथ्या घातल्या. आपल्याच हातानं पालथ्या घातल्या! बिस्मिल्लाबी अनवाणी त्यांच्यावर चढून बघायची, ओसरी कशी वाटेल ते. तिला काही टोचलं नाही. टोचायला पाय जिवंत तर हवा.

जखमेला वास सुटला तेव्हा कळलं. डॉक्टरनं विचारलं, "काय रुतलं होतं?" ती छताकडे बघत म्हणाली, "काय माईत, साहेब. काटा असन." रहेमान तिच्या चपला हातात धरून शेजारी उभा होता. घरी परतल्यावर त्यानं एकेक फळी चाचपली, आणि एका खिळ्याच्या टोकावर तपकिरी डाग दिसला. तो खिळा उपटून त्यानं काढला, खड्ड्यात फेकला, वर माती लोटली. कोणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच. सांगून काय होणार होतं... की मीच? की माझ्याच हौसेनं?

"अब्बा," आरिफा मागच्या दारात येऊन उभी राहिली. आईचं करायला ती पुसदहून आली होती. "आज बुजवून टाका तो खड्डा. अम्मीची बाज अथी दाराशीच राह्यते, दिवसभर तिकडंच पाह्यते ते."

"बुजवतो ना. घनश्याम आला की बुजवतो."

त्यानं फावडं उचललं. मातीचा ढीग वाळून ढेकळं झाली होती.

"आरिफाचे अब्बा..." बाजेवरून हाक आली. "इकडं या. सुतळी घेऊन या."

तो गेला. तिनं अंगावरची चादर सरकवली आणि डावा पाय बाजेखाली सोडला. उजव्या बाजूला चादर सपाट पडली होती. तिकडं त्यानं पाहिलं नाही.

"आता याचं घ्या माप."

"कायले? ते आता..."

"कायले म्हंजे? येकच तर गेला. दुसरा हाय न मले?"

तो खाली बसला. सवय मोठी वाईट. वरची गाठ गुडघ्याला लावली, सुतळी ताणली, आणि खालची गाठ बरोब्बर घोट्यावर आली. नवी गाठ मारायची गरजच नव्हती. त्याला हुंदका आवरला नाही. तिच्या पायाशी डोकं टेकून तो रडला, पोरीनं ऐकलं तर ऐकलं.

मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून, भाजीत मीठ घातलं का असं विचारावं तसं तिनं विचारलं,

"फळ्यायचे खालच्या बाजूचे खिळे काढले काय?"

त्याला मान वर करवेना.

"...एक काढला."

"बाकीचे?"

म्हणजे दवाखान्यात, छताकडे बघताना... काटा असन म्हणाली तेव्हा... ती सगळं जाणून होती. इतके दिवस त्याला वाटत होतं, हे ओझं आपलं एकट्याचं आहे. निदान ते तरी तिच्यापासून राखलं. तेही तिनं आधीच उचलून घेतलं होतं, एका पायावर.

तो उठून परसात आला. फावडं तिथेच पडलं होतं, खड्डा तिथेच. बुजवायचा की खोल करायचा, काहीच सुचत नव्हतं; भिंतीपलीकडून घनश्याम "येऊ काय, चाचा?" म्हणून ओरडत होता, आणि त्याला हो म्हणावं की नको तेही कळत नव्हतं. त्यानं पहिली फळी मांडीवर ओढली आणि डोळे मिटून तळहात खालच्या बाजूनं फिरवायला सुरुवात केली – सावकाश, जोर देऊन, आपल्याला टोचावं म्हणून.