सरकीचं पीठ

“पोरगी कितवी शिकली म्हणता?” नत्थुजींनी अडकित्त्यात सुपारी धरत विचारलं.

केशवरावांनी तोंड उघडण्याआधीच नत्थुजींचे मेहुणे सूर्यभान हसले. “भाऊ, यायले काय इचारता? हे तं सरकीच्या पिठातले मास्तर हायेत!”

हे सरकीचं पीठ म्हणजे काय, ते अकोल्यात कुणालाही विचारावं. असहकाराच्या वर्षी केशवरावांसारख्या काही जणांनी सरकारी शाळेतल्या नोकऱ्या सोडून स्वतःचं विद्यापीठ काढलं. जागा मिळाली कापसाच्या बंद पडलेल्या जिनातली, सरकीच्या गोदामाची. फाटकावर पाटी ‘वऱ्हाड लोकविद्यापीठ’ आणि आत गोणपाटावर बसलेली मुलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सरकारनं त्यांची ‘विशारद’ पदवी मानली नाही, ते एक वेळ सोडा. लोकांनीही मानली नाही. गावानं त्यातली विद्या गाळली आणि पीठ तेवढं ठेवलं. सरकी निदान म्हैस तरी खाते, तिच्या पिठाची भाकरी कुणी थापत नाही.

“आमच्या भाच्याच्या हापिसात आलता तुमचा एक इशारद,” सूर्यभान रंगात आले होते. “सायेबानं इचारलं, मॅट्रिक हायेस का? तं म्हणे, त्याच्याहून मोठा हावो. सायेब म्हणे, मंग एवढा मोठा माणूस आमाले कसा परवडन?”

नत्थुजी हसले. केशवरावही हसले. आपल्यावरच हसायची त्यांना आता सवय झाली होती. हे अंजनगावचं स्थळ चांगलं होतं. घरचा पानमळा, नत्थुजींचा मुलगा अमरावतीला कचेरीत. धामणगावचे पाहुणे मागेच परत गेले होते. मुलगी जास्त शिकलेली, आणि ते शिक्षणही खोटं, असं म्हणून.

“तं मंग पोरगी?” नत्थुजी पुन्हा वळले. “का तिलेही इशारद केली?”

“छे हो,” केशवराव म्हणाले. “मराठी चौथी झाली. मंग घरीच.”

बोलून गेले आणि त्यांचे कान तापले. शालू विशारद होती, त्यांच्याच हाताखाली पहिली आलेली. दाराआड पोह्यांच्या बशा घेऊन ती उभी होती, तिनं सगळं ऐकलं असणार. केशवरावांना लाज वाटली. शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, याची त्याहून जास्त वाटली.

“चौथी लय झाली!” नत्थुजी खूश झाले. “ये बाई, बस. नाव काय तुहं?”

“शालू,” सगळ्यांपुढे बशा ठेवून बसत ती म्हणाली.

“लिहून दाखव बरं.”

मुलगी पाहायला आलेली माणसं असं लिहायला सांगतच. सूर्यभानांनी खिशातली पेन्सिल आणि एका हँडबिलाची कोरी बाजू पुढे केली.

शालूचं अक्षर लपण्यासारखं नव्हतं. छपाईला पैसे नसत म्हणून विद्यापीठाची पदवीपत्रं तीच बोरूनं लिहायची. पदवीची टिंगल करणारेसुद्धा त्या अक्षराला कधी नाव ठेवत नसत. असं अक्षर चौथीतल्या मुलीचं नाही, हे नत्थुजींनाही कळलं असतं.

शालूनं एकदा वडिलांकडे पाहिलं. मग पेन्सिल मुठीत धरली आणि जीभ दाताखाली घेऊन लिहायला लागली. ‘शा’चा काना कलला. ‘लू’ दोनदा गिरवावा लागला. वरची रेघ ओढताना हात घसरला आणि रेघ अक्षरांमधूनच गेली.

“चालते,” नत्थुजी म्हणाले. “घरच्यापुरतं बस झालं. आमाले पसंत हाय पोरगी.”

सूर्यभानांनी कागद केशवरावांपुढे सरकवला. “पन मास्तर, जगाच्या पोरायले शिकोलं, घरच्या पोरीकडं जरा ध्यान द्याले पायजे होतं.”

“हो,” केशवराव म्हणाले. “राह्यलं खरं.”

शालू पाहुण्यांच्या रिकाम्या बशा उचलत होती. वडिलांपाशी आल्यावर ती थांबली.

“बाबा, तुमी खाल्लेच नाही.”

केशवरावांनी बशी जवळ ओढली आणि मान वर न करता गार पोहे खायला सुरुवात केली.